पुनव टॉकीजचा चंद्र

स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे, आणि त्याला चिकटून वनमाला गर्जेचं मोटर रिवाइंडिंगचं. मधे पत्र्याची एकच भिंत. तिच्याकडे मोटर चालू झाली की माझ्या भिंतीवरचे देव, पुढारी आणि वारलेली माणसं सगळीच बारीक थरथरू लागतात. इतक्या वर्षांत मला त्या थरथरीवरूनच कळायला लागलंय, आतली मोटर नीट भरली गेलीय की अजून कण्हतेय.

वनमाला ऊसतोड्यांची लेक. लहानपणीचे सगळे हिवाळे तिनं दूरच्या एका साखर कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत काढले. आईबाप फडात गेले की धाकट्या भावाला काखेत मारून ती कारखान्याच्या कुंपणाशी जाऊन बसायची. कुंपणाच्या आत एक भला मोठा ट्रान्सफॉर्मर होता. तो दिवसभर गुणगुणायचा. कोपीत दिवा नव्हता, पण कुंपणाला पाठ टेकली की तो आवाज हाडात उतरायचा आणि दोघा भावंडांना गाढ झोप लागायची. "शाळेतली गाणी मला आली न्हाईत," ती म्हणते, "पर तो सूर अजून पाठ हाय."

लग्न होऊन ती परळीत आली, भागवत गर्जेच्या घरात. भागवतचं हे दुकान तेव्हाही होतंच. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसायची आणि नवी तार वेढे घालून बसवायची, हा त्याचा धंदा. वनमाला आधी नुसती गाठी बांधायला बसायची. मग तिची बोटं बघून भागवतनंच एक दिवस कॉइल तिच्या हातात दिली. पुढं साखरेच्या आजारानं त्याची नजर अंधूक झाली तशी कामं आपोआप फिरली. आता ती मोटर भरते, आणि भागवत जुनी तार उपसतो, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो आणि भंगारवाल्यांच्या दारोदार फिरून काय काय उचलून आणतो. बाई मोटर भरते म्हणून सुरुवातीला लोक थबकायचे. मग मोटरी चालायला लागल्या आणि लोकांचं थबकणं बंद झालं.

तिची एक खोड मात्र पहिल्यापासूनची. वेढे घालता घालता ती मधेच थांबते. हातात तार तशीच, डोळे उघडे, आणि बाई कुठल्या कुठं. अशा वेळी भागवत माझ्याकडं तोंड करून पत्र्यावर टिचकी मारतो. "गेली बघा हिची लाईन."

"आलीय परत," ती आतून म्हणते, आणि वेढे पुन्हा सुरू होतात.

वैजनाथाच्या देवळाकडं जाताना पेढ्याची जी दुकानं लागतात, त्यांतल्या बहुतेकांत माशा मारायची मशीन टांगलेली असते. निळ्या नळ्या आणि त्यांच्यापुढं तारांची जाळी. माशी उजेडाकडं झेपावते आणि जाळीत तड्‌कन संपते. जुन्या मशीनांत त्या जाळीत जबर वीज खेळवत ठेवायला एक जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असायचा. हलक्या नव्या मशीन आल्या तशा या जुन्या भंगारात जायला लागल्या, आणि तांब्याच्या आशेनं भागवत त्या उचलून आणायला लागला.

वनमालानं पहिल्या ट्रान्सफॉर्मरचं कवच फोडायला छिन्नी उचलली आणि खाली ठेवली.

"काय झालं?" भागवतनं विचारलं.

"ह्यो चांगला हाय हो. जिवंत हाय. मशीनच्या नळ्या गेल्या, त्यात ह्याचा काय गुन्हा?"

तो फळीवर गेला. मग दुसरा गेला. मग फळी भरली.

उन्हाळ्याच्या दिवसांतली ती दुपार मला आठवते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वीजकेंद्रातून राख नेणाऱ्या ट्रकांनी उडवलेला करडा धुरळा उन्हात तरंगत होता, आमच्याकडं तो कायम कुठं ना कुठं तरंगतच असतो. पत्र्यापलीकडून भागवतचं घोरणं येत होतं. आणि मग एक वेगळाच आवाज आला, रेशमी कापड फाडल्यासारखा. मी उठून गेलो तर वनमाला मागच्या अंधाऱ्या खोलीत उभी. तिनं दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांना जोडले होते आणि दोन तारांच्या टोकांमध्ये एक जांभळी रेघ थरथरत उभी होती. वीज पडून गेल्यावर शिवारात जो वास सुटतो, तो खोलीभर झाला होता.

हे जोडणं म्हणजे काय ते तिनं मला त्याच दिवशी समजावून सांगितलं. घरातली वीज एक ट्रान्सफॉर्मर उचलतो आणि काही हजार व्होल्टांवर नेऊन ठेवतो. दुसरा त्याच्या खांद्यावर उभा केला की तो तिथून आणखी तेवढीच वर नेतो. तिसरा त्याच्याही वर. फक्त तोंडं जुळली पाहिजेत. एखादा उलटा जोडला गेला तर पहिल्यानं चढवलेलं दुसरा उतरवून ठेवतो आणि हाताला काहीच लागत नाही.

"अन् कशासाठी हे?" मी विचारलं.

"कशासाठी न्हाई. रंग बघा की."

तेवढ्यात भागवत जागा झाला, वास आला तसा धडपडत आत आला आणि त्यानं मेन स्विचच ओढला. तरुणपणी एका खांबावर त्याला झटका बसलेला, तेव्हापासून मोठ्या व्होल्टेजचं त्याला मनापासून भय.

"कावून करतीस हे?"

"बघू वाटलं."

"बघितलंस ना? मग ठिव आता."

तिनं ठेवलं. पण चार दिवसांनी दुपार झाली की रेशीम पुन्हा फाटायचं. भागवत रागवायचा आणि मग स्वतःच म्हणायचा, "एक हात पाठीमागं ठिवत जा. दोन्ही हात कधी पुढं करायचे न्हाईत." ती ऐकायची. त्या खोलीत शिरली की डावा हात आपोआप पाठीशी जायचा, शाळेतल्या मुलीसारखा.

पावसाळा सरल्यावर छबुबाई आल्या. आमच्या रस्त्यावरच्या पुनव टॉकीजच्या त्या मालकीण. टॉकीज बंद पडून बरीच वर्षं झालेली, आत कबुतरं. त्यांचे यजमान विठ्ठलराव जमीनदार माणूस, पुढारपणही केलेलं. हौसेनं टॉकीज बांधलं आणि दर्शनी भिंतीवर हैदराबादच्या कारागिराकडून काचेच्या नळ्यांची पाटी करून लावली, लाल अक्षरात नाव आणि त्याच्यावर गोल निळा चंद्र. विठ्ठलराव जाऊनही आता बराच काळ लोटला होता. जागा विकली गेली होती आणि दिवाळीनंतर पाडापाडी सुरू होणार होती. छबुबाई अंबाजोगाईला नातीकडं राहायला जाणार होत्या. जाताना बरोबर न्यायचा टेबलफॅन नीट करून घ्यावा म्हणून त्या आल्या होत्या.

भागवतनं त्यांना स्टुलावर बसवलं. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आत वनमालाची जांभळी रेघ चालू होती. छबुबाई बोलता बोलता थांबल्या. त्या उजेडाकडं बघत राहिल्या, मग स्वतःचा तळहात पुढं करून त्याच्याकडं बघत राहिल्या.

"असला उजेड मी हातांवर बघितलाय," त्या म्हणाल्या.

वनमाला बंद करून बाहेर आली. "कुणाच्या हातांवर, काकू?"

"बायकांच्या. मी खिडकीत बसायचे ना, बायकांच्या तिकिटाला. खिडकी बरोबर चंद्राच्या खाली. आतून मला नुसते हात दिसायचे. बांगड्यावाले, गोंदलेले, पिठाचे. सगळे निळे. जत्रेत तर निळ्या हातांची नुसती रांग."

"अन् चंद्र?"

छबुबाई हसल्या. "चंद्र कुठला बघते मी? दिवा लागला की मी खिडकीत. पिच्चर सुरू झाला की दिवा बंद. मालकीणबाईनं रस्त्यावर उभं राहून पाटीकडं बघत बसायची रीत तरी होती का? मालक म्हणायचे, एकदा बघ की समोरून. म्हटलं, बघू की, कुठं पळून चाललाय. राहिलं ते राहिलंच. आता तर पाडणारच हायेत."

फॅन तिथंच राहिला. वनमालानं चपला घातल्या.

भागवतनं शिडी धरली आणि ती पाटीपर्यंत चढली. अक्षरं गारपिटीनं कधीच फुटली होती. चंद्र मात्र पत्र्याच्या छपराखाली होता म्हणून वाचला होता. दोन अर्धगोल नळ्या, काचेच्या खुंट्यांवर बसवलेल्या, आणि अंगावर राखेचा बोटभर थर. तिनं पदरानं वीतभर जागा पुसली. आत काच स्वच्छ होती. मागच्या केबिनमध्ये, जिथं पूर्वी प्रोजेक्टर असायचे, तिथं त्या चंद्राचा जुना ट्रान्सफॉर्मर सापडला. डांबर भरलेली एक जड पेटी. डांबर वितळून भिंतीवरून ओघळलेलं आणि आतलं सगळं जळून कोळसा झालेलं.

भागवत बॅनरवाल्याकडं विचारून आला. तो म्हणाला, आता काचेचं कोण करतं, एलईडीची पट्टी लावून देतो, चंद्रासारखीच दिसेल. हे छबुबाईंना सांगितलं तर त्या नुसतं म्हणाल्या, "पट्टी नगं बाई. असू दे मग."

वनमाला तडक निघाली. दुकानात येऊन तिनं फळीवरचे ट्रान्सफॉर्मर एकेक करून खाली उतरवायला सुरुवात केली. भागवतनं कपाळावर हात मारून घेतला.

ट्रान्सफॉर्मर ठेवायला मी जाड काच कापून दिली, म्हणजे ते जमिनीपासून वेगळे राहतील. टॉकीजच्या केबिनमध्ये त्या काचेवर तिनं चौघांना रांगेत बसवलं, खिडकीतून तारा बाहेर काढून चंद्राला जोडल्या आणि लांब लाकडी काठीनं स्विच दाबला. मी खाली रस्त्यावर उभा होतो. चंद्राच्या दोन टोकांना निळसर धुकं जमल्यासारखं झालं. एवढंच. मधला सगळा गोल काळा.

"पोचंना," ती वरून म्हणाली. "दम कमी पडतोय."

मग तिनं रांग वाढवली. या वेळी चंद्र एकदा लुकलुकला, आणि वर केबिनमध्ये काहीतरी तडकलं. पिवळा जाळ झाला आणि जळक्या वार्निशचा धूर खिडकीतून बाहेर आला. भागवत शिडीच्या पायऱ्या चुकत कसा वर गेला त्याचं त्यालाच माहीत. वनमालाला काही झालं नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी होती, डावा हात पाठीशी. रांगेतल्या शेवटच्या ट्रान्सफॉर्मरचं पोट फुटलं होतं.

भागवत तिला लागलंय का ते हातांनी चाचपून बघत होता, कारण डोळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता. मग तो खाली बसला.

"त्या काकूंनी चंद्र बघितला न्हाई म्हणून माझी बायको जाळू का मी? सांग की. मला काय दिसतं आता? तुझ्या आवाजावर तर चाललंय माझं."

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्या दिवशी दोघं सगळं तिथंच सोडून घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून दुकानात नुसत्या मोटरी. माझ्या भिंतीवरचे देव पुन्हा नेमानं थरथरू लागले. पण मधूनच पलीकडं सगळं शांत व्हायचं, आणि ती शांतता लांबत जायची. भागवत टिचकी मारायचा नाही. त्याला ठाऊक होतं, ती कुठं गेली असेल.

अशात मंजुषा मॅडम मिक्सर घेऊन आल्या. अंबाजोगाईच्या कॉलेजात त्या फिजिक्स शिकवतात, राहायला परळीत. वनमालानं मिक्सर बाजूला ठेवला आणि विचारलं, "मॅडम, एकाच्या डोक्यावर एक असे जोडत गेलं तर शेवटचाच कावून फुटतो?"

मॅडमनी आधी सगळं विचारून घेतलं. किती, कसे, कशावर ठेवले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "ताई, तुम्ही जिवंत आहात हे नशीब समजा," त्या म्हणाल्या. मग मात्र खुर्ची पुढं ओढून बसल्या. काउंटरवर राख साचलेली होती, तिच्यात बोटानं एक उभी रेघ ओढली.

"हे बघा. तुमचं एक टोक जमिनीला, दुसरं पार वर. म्हणजे सगळा भार शेवटच्यावर. त्याचं लोखंड खाली आणि तार एवढ्या उंचीवर, मधलं कागदाचं आवरण किती सोसणार? आता असं करा. जमीन टोकाला नका जोडू. मधोमध जोडा. निम्मे जमिनीच्या एका अंगाला, निम्मे दुसऱ्या. टोकाटोकांत अंतर तेवढंच राहील, पण कुणा एकावर निम्माच भार येईल."

वनमाला त्या रेघेकडं बघत राहिली. मला वाटलं, गेली हिची लाईन. पण ती हसली.

"कावड," ती म्हणाली. "खांदा मधी, अन् घागरी दोन्हीकडं."

"कावडच," मॅडम म्हणाल्या. "आणि तेलात बुडवा. उघडं काही ठेवू नका. आणि मी तिथं असल्याशिवाय स्विच दाबायचा नाही."

या सगळ्यात भागवत कोपऱ्यात मोटरची तार उपसत होता. त्यानं मान वर केली नाही. पण संध्याकाळी तो भंगारवाल्याकडून परतला तेव्हा त्याच्या पिशवीत चिनी मातीचे पांढरे इन्सुलेटर होते, खांबावर असतात तसले, एकही तडा नसलेले. ते त्यानं वनमालासमोर ओळीनं मांडले.

"बोट फिरवून फिरवून निवडलेत," तो म्हणाला. "अन् अर्थिंगचा खड्डा मी करणार. त्यात कुणी हात घालायचा न्हाई."

पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही, कारण ते एकातून एक उमलल्यासारखे गेले. भागवतनं टॉकीजच्या मागं खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ घालून तांब्याची पट्टी पुरली आणि रोज सकाळी त्यात तांब्याभर पाणी ओतलं, तुळशीला घालावं तसं. वनमालानं एकेका ट्रान्सफॉर्मरची तोंडं तपासली, जिथं जिथं जुनं आवरण विरलं होतं तिथं नवा कागद गुंडाळला, आणि सगळी रांग दोन प्लॅस्टिकच्या टबांत बसवून वरून ट्रान्सफॉर्मरचं तेल ओतलं. तेल मधासारखं पिवळं. त्यात बुडालेली ती लोखंडं, तारा, गाठी दुपारच्या उन्हात बघितल्या की नदीच्या तळाशी काहीतरी निजलंय असं वाटायचं. ती तेलात वाकून बघत बसायची. बुडबुडे वर येत, फुटत. सगळे बुडबुडे संपेपर्यंत थांबायचं, असं मॅडमनी सांगितलं होतं, आणि थांबण्यात तिचा हात कोण धरणार?

पहिली चाचणी भल्या सकाळी केली आणि ती फसली, पण फसली ती वेगळ्याच कारणानं. आदल्या संध्याकाळी भागवतनं मोठ्या मायेनं चंद्र ओल्या फडक्यानं पुसून काढला होता. खुंट्यांच्या बुडाशी राख तशीच ओली राहिली. स्विच दाबल्याबरोबर खुंटीखुंटीवरून बारीक मुंग्यांसारख्या ठिणग्या धावल्या आणि मॅडमनी ओरडून बंद करायला लावलं.

"ओली राख वीज पिते," मॅडम म्हणाल्या.

भागवत ओशाळला. "मी केलं हे."

"तुमी न्हाई. राखेनं केलं," वनमाला म्हणाली. मग ती वर चढली आणि कोरड्या कापसानं, अगदी तान्ह्या लेकराचं अंग पुसावं तशी, एकेक खुंटी पुसत बसली. दिवसभराच्या उन्हानं चंद्र कोरडा झाला.

त्याच दिवशी, दिवेलागणीला, छबुबाईंना निरोप गेला. त्या आल्या त्या इरकल नेसून. रस्त्याच्या पलीकडं, रसवंतीपुढं मी खुर्ची टाकली होती. त्यांनी खुर्चीकडं बघितलं आणि उभ्याच राहिल्या. "आयुष्यभर बसूनच काढलं तिथं," त्या म्हणाल्या. पश्चिमेला वीजकेंद्राच्या चिमण्यांमागं आभाळ केशरी होतं आणि त्यांचा धूर त्या केशरीत हळूहळू विरत होता. वर केबिनमध्ये वनमाला आणि मॅडम. भागवत खाली, अर्थिंगच्या पट्टीजवळ, कान वर करून.

"लावतेय," वनमालाचा आवाज आला.

आधी गुणगुण आली. मग चंद्राच्या एका टोकाला निळं काहीतरी हललं आणि सापासारखं वळवळत नळीतून पुढं सरकलं, अडखळलं, मागं फिरलं, पुन्हा सरकलं. दुसऱ्या टोकाकडून दुसरं निघालं. मधे कुठंतरी दोन्ही भेटली. गोल पुरा झाला. क्षणभर सगळा चंद्र थरथरला, आणि मग थांबला. शांत, फिकट निळा, त्या पडक्या भिंतीवर उगवलेला.

राखेचा एक ट्रक हळू झाला आणि त्याच्या मागची सगळी वाहनं हळू झाली. रिक्षावाल्यांनी मान बाहेर काढली. कुणी हॉर्न वाजवला नाही. रस्त्यावर तरंगणारा धुरळा निळा झाला होता. त्यात माणसं पाण्याखाली चालल्यासारखी चालत होती.

छबुबाई बघत होत्या. मी मनात म्हटलं, आता या रडतील.

"बारका हाय की गं!" त्या म्हणाल्या.

आणि खुदकन हसल्या. पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. "मला वाटायचं, भिंतीयेवढा असंल. एवढ्या बायकांचे हात निळे करायचा, म्हटलं लई मोठा असणार. ह्यो तर परातीयेवढा." मग हसू ओसरलं तशा त्या दोन पावलं पुढं गेल्या. "पर गार हाय. डोळ्याला गार लागतोय. मालक उगं न्हाई मागं लागायचे."

वनमाला खाली आली तेव्हा त्यांनी तिला जवळ घेतलं नाही की काही दिलं नाही. नुसतं तिच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, आणि दोघी वर बघत राहिल्या.

भागवत माझ्याजवळ सरकला. "कसा हाय?" त्यानं हळूच विचारलं. "मला नुसता डाग दिसतो."

"कसला डाग?"

"निळा." त्यानं डोळे बारीक केले. "पर दिसतो. बरं का. डाग दिसतो."

चंद्र पाडापाडीपर्यंत रोज संध्याकाळी लागला. मॅडम रोज यायच्या, त्यांच्याशिवाय स्विच दाबायचा नाही हा नियम वनमालानं मोडला नाही. लोक यायचे, नुसते उभे राहायचे आणि जायचे. आयुष्यातला पहिला पिच्चर तिथं बघितलेली म्हातारी जोडपी आली, शेवपापडी खात बघत बसली. कुणीतरी फोटो काढले, पण फोटोत तो रंग येत नव्हता. पांढरा यायचा. मी फ्रेमवाला माणूस, मला त्याचं वाईट वाटलं.

पाडायच्या आदल्या दिवशी वनमाला चंद्र उतरवायला चढली. एक अर्धगोल नीट सुटला. दुसऱ्याच्या टोकाला, काच आणि धातू जिथं जोडलेले असतात तिथं, टिक असा बारीक आवाज झाला. उसासा टाकावा तशी हवा आत गेली. तडा केसाएवढा, पण नळी संपली. छबुबाई तोवर अंबाजोगाईला गेल्या होत्या. नात संस्कृतीच्या फोनवर वनमालानं त्यांना सांगितलं.

"आसू दे," छबुबाई म्हणाल्या. "बघितला ना मी. अन् माझा फॅन कधी देतीस?"

फॅन ती स्वतः जाऊन देऊन आली.

मला वाटलं होतं, आता फळी रिकामी होईल. भागवतलाही वाटलं होतं. पण कुणाच्या तरी मोबाईलमधला तो पांढरा फोटो फिरत फिरत उदगीरला पोचला. तिथल्या एका लॉजवाल्याचा फोन आला. त्याच्या गच्चीवर काचेच्या नळ्यांचं एक कमळ आहे, आजोबांच्या वेळचं, कधी पेटलेलं त्यानं बघितलेलं नाही. ताई येऊन बघतील का?

"ताई येतील," भागवतनंच फोनवर सांगून टाकलं. "संगं मीबी येतो. अर्थिंग माझ्याकडं असतं."

मागच्या आठवड्यात ते दोघं सकाळच्या गाडीनं निघाले. मी स्टेशनापर्यंत गेलो होतो. भागवतच्या मांडीवर इन्सुलेटरची पिशवी, वनमालाच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेले ट्रान्सफॉर्मर, आणि मॅडमनी कागदावर लिहून दिलेल्या काय काय करायचं नाही त्या सूचना तिच्या ब्लाउजात. गाडी हलायच्या आधीच तिनं खिडकीच्या गजाला डोकं टेकवलं होतं. आल्यावर तिनं सांगितलं, घाटनांदूरजवळ गाडी उगीच थांबली. बाहेर करडई फुलली होती आणि वारा पडला होता. डब्यात कुणी बोलत नव्हतं. भागवतनं विचारलं, "काय दिसतं गं?" आणि ती त्याला शेवटच्या शेतापर्यंत एकेक रंग सांगत गेली, गाडी सुटेपर्यंत, आणि सुटल्यावरही.